काटेवाल्यांच्या बायकोचा फोन

३ जून

दुकान सुरू झालं. दुकान म्हणायचं आपलं. दादाच्या चाव्या-कुलपांच्या गाळ्यातली डावीकडची अर्धी बाजू. एक टेबल, एक दिवा, भिंग, चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हरचा डबा आणि चिकटलेली काच सोडवायला गरम हवा मारणारा ब्लोअर. पाटी दादानेच रंगवली. 'मोबाईल दुरुस्त करून मिळतील' याच्याखाली 'बाई करतात' असं लिहायला निघाला होता, म्हणे गिऱ्हाईक आत येऊन बिचकायला नको. मी ब्रश हिसकावून घेतला.

बावीस वर्षं टेलिफोनच्या चौकशी विभागात बसून लोकांना नंबर सांगितले. आता तिथे यंत्र बोलतं. यंत्रात आवाज भरायला आमच्यातल्या तिघींना बोलावलं होतं. मला नाही. माझा डावा कान कमी आहे, जुनंच दुखणं, त्यामुळे मी जरा ओरडून बोलते. एकोणपन्नासाव्या वर्षी सहा महिन्यांचा कोर्स केला. वर्गात सगळ्यात म्हातारी मी, पण हात सगळ्यात स्थिर माझा. मास्तर म्हणाले होते, असा हात शिकवून येत नाही.

कामाची वही दुकानात. ही घरी राहील, कपाटात.

९ जून

वजनकाटे तपासणारे साहेब आले होते. बाजारातल्या प्रत्येक दुकानाचा तराजू ते तपासून शिक्का मारतात, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणतात. हातात कातडी पेटी, आत लोखंडी वजनं लहानमोठी ओळीने बसवलेली. बायकोच्या फोनची काच फुटली होती. जिन्यावरून पडला म्हणाले.

काम होईपर्यंत उभेच राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. फोन हातात घेऊन उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, तुमचा हात बघून बरं वाटलं. अचूक माणसं कमी झालीत हो."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात. माझं कौतुक शेवटचं कोणी केलं होतं आठवत नाही. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, आणि ह्यांना कौतुकाची सवय नव्हती.

२८ जून

काटेवाल्यांच्या बायकोचा फोन पुन्हा. तीच काच. "वेंधळी आहे हो," ते म्हणाले, आणि असे हसले की मलाही हसू आलं.

ऐकायच्या जाळीत काहीतरी तपकिरी वाळून बसलं होतं. चहा नाहीतर चॉकलेट. स्पिरिटचा बोळा फिरवला तर बोळा लालसर झाला. काचेच्या कडेत एक लांब केस अडकलेला, मुळासकट. दादाला दाखवून म्हटलं, "बघ, बाई केस विंचरता विंचरता गप्पा मारत असणार." दादा हसला नाही. बोळ्याकडे बघत राहिला आणि परत कानस घेऊन चावी घासायला लागला. दादाचं हे असंच. बोलायचं तेव्हा घुम्या.

मीही वेंधळीच होते. लग्नानंतर किती कप फोडले. ह्यांचा हात कधीतरी उठायचा त्यावरून, पण कधीतरीच. माणूस वाईट नव्हता.

१६ जुलै

आज फोन आला तो मधोमध वाकलेला. काच नाही, अख्खा फोन, गुडघ्यावर धरून काठी मोडावी तसा. मी म्हटलं, "साहेब, हा आता भंगारात." ते म्हणाले, नवीन आणलाय, जुन्यातलं सगळं त्यात घालून द्या. मग खुर्चीवर बसले, पहिल्यांदाच. आवाज खाली आला.

"ताई, घरची गोष्ट आहे. तिला झटके येतात. कुठेही पडते. डोक्याचं औषध चालू आहे. मी दिवसभर बाजारात, जीव टांगणीला लागलेला असतो. ती कुठे आहे, ठीक आहे ना, एवढं मला माझ्या फोनवर कळलं तर? तिला मात्र कळायला नको. मन दुखेल तिचं."

कोण नवरा एवढी काळजी करतो?

असं ॲप मिळतं. कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी दाखवलं होतं आणि म्हणाले होते, वापरू नका, पण माहीत असू द्या. आयकॉन दिसत नाही. फोन कुठे फिरतो ते नकाशावर दिसतं. माईक उघडून आजूबाजूचं ऐकता येतं, आणि ऐकलेलं साठूनही राहतं. पंधरा मिनिटांत बसवलं. साहेबांना पासवर्डचं जमेना, म्हणून खातं दुकानाच्याच ईमेलवर उघडून दिलं.

ते गेल्यावर दादा म्हणाला, "तिला विचारलंस?"

"आजारी बाईला काय विचारायचं?"

"मी दार बघितल्याशिवाय कुठली चावी करत नाही. नुसता साचा घेऊन कोणी आलं तर परत पाठवतो."

"तुझा धंदा चोरांचा, माझा आजाऱ्यांचा," मी म्हटलं.

१८ जुलै

काटेवाले येऊन गेले. मुद्दाम वाट वाकडी करून आले, मला त्यांचा फोन कानाला लावायला दिला. त्यांच्या घरातलं शिवणयंत्र ऐकू येत होतं. त्यांची बायको घरी पडदे शिवते. यंत्र चालायचं, थांबायचं, मग कात्री, मग पुन्हा यंत्र. "किती शांत वाटतं ना?" ते म्हणाले. डोळे मिटून ऐकत होते.

खरंच, चांगल्या कामाला आले असं वाटलं.

२ ऑगस्ट

आज ती स्वतः आली. दुपारी अडीच, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दादा जेवायला गेलेला. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. पस्तिशीची असेल. चालताना एका बाजूला झुकत होती, बरगडी सांभाळल्यासारखी. मला वाटलं, झटक्याचंच.

"ताई, फोन गरम होतो. सकाळी भरलेली बॅटरी अकरापर्यंत संपते. ह्यात काही आहे का?"

मला लगेच कळलं का ते. सारखा माईक चालू राहिला की असंच होतं. मी फोन उलटसुलट करून बघितला आणि म्हटलं, "नवीन फोन असेच असतात, बसायला वेळ लागतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. "मी जिन्यावरून पडते असं सांगितलं असेल ना तुम्हाला? फार पडते मी. एखादी पडायची स्पर्धा असेल तर सांगा."

मलाही हसू आलं. मग तिने फोन टेबलावर ठेवला आणि जवळ येऊन विचारलं, "एक पिशवी आठवडाभर ठेवून घ्याल का? कपडेच आहेत. पुढच्या शुक्रवारी घेऊन जाईन."

मी म्हटलं, आमच्याकडे जागा नाही. खरंच नाही. ती "बरं" म्हणाली आणि गेली.

माझ्या मनाला चैन पडेना. आजारी बाई, पिशवी घेऊन कुठे निघाली? साडेचारला साहेबांना फोन केला. धापा टाकत होते. "जिना चढून आलो ताई, दम लागलाय." मी सगळं सांगितलं, बॅटरीचं, पिशवीचं, शुक्रवारचं.

"शुक्रवार," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं केलंत कळवलंत. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून."

जीव भांड्यात पडला.

५ ऑगस्ट

पडद्यांच्या दुकानाची मालकीण चावी करून घ्यायला आली होती. काटेवाल्यांची बायको तिच्याचकडचं काम करते. परवापासून ती हॉस्पिटलात आहे. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारांनी बांधलाय. डावा हात कोपरापासून मोडलाय. पोलीस आले होते, तिने मान हलवून सांगितलं, पडले.

ती गेल्यावर मी म्हटलं, "बघ दादा, झटका आला असणार. जिन्यावरून."

दादाने कानस खाली ठेवली. "कुठला जिना? त्यांचं घर तळमजल्यावर आहे."

"तुला काय माहीत?"

"गेल्या वर्षी कुलूप बसवायला गेलो होतो. आतल्या खोलीला, बाहेरच्या बाजूने." दादा माझ्याकडे बघत नव्हता. "दार बघितलं होतं मी. दार बघायचं एवढाच नियम केला होता ना. आतल्या खोलीला बाहेरून कुलूप कशाला, ते विचारलं नाही. बाई तिथेच उभी होती. मला पाणी आणून दिलं तिने."

मग आम्ही दोघं चहा घेत बसलो. चहा गार झाला.

६ ऑगस्ट

खातं दुकानाच्या ईमेलवर आहे. पासवर्ड माझ्याकडे आहे. सकाळी शटर अर्धंच वर केलं आणि उघडलं.

२ ऑगस्ट, दुपारचे ४ वाजून ९ मिनिटं. लांबी एक तास तीन मिनिटं.

आधी त्यांचा आवाज. तोच, मऊ. "ही पिशवी कशाला भरलीस?" मग चपराक. प्रश्न, चपराक. प्रश्न, चपराक. मध्ये खुर्ची पडल्याचा आवाज. ती म्हणत होती, काही नाही, जुने कपडे, गरिबांना द्यायचे होते. रडत नव्हती. विनवत होती, पण चतुराईने, प्रत्येक वेळी तेच उत्तर, तसूभर फरक नाही. मला वाटलं ही निभावून नेईल. खरंच वाटलं. तेही दमल्यासारखे वाटत होते.

मग फोन वाजला. त्यांचा.

"बोला ताई," ते म्हणाले. "जिना चढून आलो ताई, दम लागलाय."

रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज नाही, पण मी काय बोलत होते ते मला माहीत आहे. मी ओरडून बोलते, त्यामुळे तिलाही ऐकू गेलं असणार. "शुक्रवार," ते म्हणाले. "बरं केलंत कळवलंत."

फोन ठेवला. पेटीची खिटी उघडल्याचा आवाज आला. ती कातडी पेटी. आत लोखंडावर लोखंड घासलं. ते एकेक वजन उचलून परत ठेवत होते, निवडत होते. ती म्हणाली, "नको, ते नको, अहो, हातानेच मारा."

त्यानंतर एक मिनिट बावीस सेकंद ऐकलं. मग बंद केलं आणि गाळ्याच्या मागे जाऊन ओकले.

माझ्या फोनच्या आधी हात. माझ्या फोननंतर लोखंड.

७ ऑगस्ट

तीन काचा बसवल्या. एकाची बॅटरी बदलली. दादाला सांगितलं नाही. रेकॉर्डिंग एका मेमरी कार्डावर उतरवून घेतलं. कशासाठी ते माहीत नाही.

८ ऑगस्ट

काटेवाले आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. बायकोची तब्येत सांगितली, डोळ्यांत पाणीही आलं. मग म्हणाले, "ताई, त्या ॲपमध्ये जुनं साठतं म्हणालात. ते पुसायचं कसं?"

मी त्यांच्यासमोर पुसून दाखवलं. हात स्थिर होता. स्वतःच्या हाताची किळस आली.

"तुम्ही काही ऐकलंत का?"

"नाही साहेब. गिऱ्हाइकाचं आपण ऐकत नाही."

त्यांनी पेटी उघडली आणि एक किलोचं वजन माझ्या टेबलावर ठेवलं. टेबल किंचित कलंडलं. "पाय आखूड आहे ह्याचा," ते म्हणाले. कागदाची घडी करून स्वतः वाकून पायाखाली सारली, वजन पुन्हा ठेवून बघितलं. "आता कसं बरोबर झालं. आता पुसलंय ना सगळं? फोन तिच्या उशाशीच ठेवलाय मी, करमणुकीला. तिथे कोण येतं, काय बोलतं, मला इथूनही कळतं. चांगली सोय करून दिलीत."

ते गेले तरी वजनाचा गोल डाग टेबलावर होता. पुसला. जात नव्हता, की मलाच तसं वाटत होतं.

९ ऑगस्ट

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चल."

बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. चेहरा ओळखू येईना. एक डोळा मिटलेला, जबड्यातून तारा. फोन उशाशी, काच वर. तो सगळं ऐकतोय हे मला माहीत होतं, म्हणून तोंडाने एक अक्षर काढलं नाही. दादा दाराशी उभा राहिला. मी दुकानातली वही काढून लिहिलं :

'बोलू नका. फोन ऐकतोय. त्यात ते मीच बसवलं. त्या दिवशी फोन करून त्यांना मीच सांगितलं.'

तिने वाचलं. उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. किती वेळ, कोण जाणे. मला वाटलं घंटा वाजवून नर्सला बोलावेल, मला हाकलून देईल. द्यायला हवं होतं. मग उजव्या हाताने पेन मागितलं.

'सोमवारी घरी सोडणार. ते न्यायला येणार.'

खाली मी लिहिलं, 'ॲप काढून टाकू?'

ती विचार करत होती. मग ठळक लिहिलं, 'नको. काढलं तर कळेल. फोन इथेच राहू दे. मी जाते.'

मग एक नंबर लिहिला, आणि 'बहीण'.

नर्स आली, तिलाही वहीच दाखवली. नर्सने वाचलं, फोनकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "पेशंटला आराम करू द्या, उद्यापासून भेटायला यायचं नाही." मग वाकून पेन घेतलं. 'रविवारी दुपारी. मागचं दार.'

११ ऑगस्ट, रविवार

ती गेली. बहीण गाडी घेऊन आली होती. कुठे नेलं ते मी विचारलं नाही, आणि सांगू नका असंही म्हटलं. फोन उशीखाली, चार्जरला लावलेला. फोनला काहीतरी ऐकू येत राहावं म्हणून वॉर्डातला रेडिओ नर्सने खाटेजवळ आणून ठेवला. नकाशावरचा ठिपका हॉस्पिटलातच आहे. मी दर तासाला बघतेय.

१९ ऑगस्ट

डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं.

गेल्या सोमवारी हॉस्पिटलातली रिकामी खाट बघून काटेवाले अकराला सरळ दुकानात आले. दादा समोरच्या गल्लीत कुलूप उघडायला गेला होता. मेमरी कार्ड घेऊन आम्ही दुपारी पोलिसांत जायचं ठरवलं होतं. आधी शटर निम्मं खाली ओढलं त्यांनी. ओरडले नाहीत. मी ओरडले, पण समोर ट्रक उभा होता, इंजिन चालू.

"कुठे आहे?"

"मला माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी माझा उजवा हात धरला आणि दादाच्या टेबलाकडे ओढत नेलं. तिथे चावी धरायचा वाइस आहे, दोन लोखंडी जबडे, दांडा फिरवला की आवळतात. माझी करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट त्यात घातलं. प्रत्येक प्रश्नाला अर्धा फेरा. घाई नाही. विचारायचे, थांबायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे, मग अर्धा फेरा. तिसऱ्या फेऱ्याला हाड मोडलं तेव्हा आवाज ऐकू आला, उजव्या कानाने, अगदी स्वच्छ. चौथ्याला मी तिच्या बहिणीचा नंबर सांगणार होते. लिहून ठेवते, कारण नंतर सगळे मला शूर म्हणाले. मी सांगणार होते. तोंड उघडलं होतं. नंबर आठवला नाही. बावीस वर्षं ज्या बाईने शहराचे नंबर तोंडपाठ सांगितले तिला तो एक आठवला नाही.

तेवढ्यात शटरखालून दादा आत आला. त्याला काही कळायच्या आत त्यांनी पेटीतलं मोठं वजन फेकलं. दादाच्या खांद्याच्या हाडावर बसलं, तो जागीच बसला. ते दुसरं वजन घेऊन त्याच्याकडे वळले.

माझा ब्लोअर चालूच होता. साडेतीनशे अंशांवर. सकाळी एक काच सोडवत होते. वायर लांब आहे. डाव्या हाताने ओढला आणि ते वळले तसा त्यांच्या डोळ्यांवर धरला. वास आला, केसांचा आधी. त्यांनी पहिल्यांदा आवाज चढवला. दोन्ही हात तोंडावर नेऊन मागे सरकले, खुर्चीत अडकून पडले.

डाव्या हाताने दांडा उलटा फिरवला. बोटं बाहेर काढली. मग खाली पडलेलं वजन उचललं आणि त्यांच्या गुडघ्यावर मारलं. मग परत. ते "ताई" म्हणत होते. तरी परत. मी काय काय बोलत होते ते दादाने नंतर सांगितलं, मला आठवत नाही. मी म्हणत होते, "डबा विसरले! डबा विसरले!" दादा एका हाताने मला मागे ओढत होता. "सोड, अगं सोड, पडलाय तो!"

मला बरं वाटत होतं. तेही लिहून ठेवते.

२३ ऑगस्ट

दोन्ही बोटं गेली. उरलेली तीन वाकत नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, कानसुद्धा. "डाव्या कानाचा पडदा फाटलाय. हे आत्ताचं नाही."

"नाही."

"कधीचं?"

मी म्हणणार होते, जुनं दुखणं आहे. पण म्हटलं, "अठरा वर्षांपूर्वीचं. नवऱ्याचा जेवणाचा डबा द्यायला विसरले होते."

त्यांनी ते तसंच कागदावर लिहिलं. पडदा, कारण, वर्ष. कोणाला तरी पहिल्यांदाच सांगितलं, आणि आकाश कोसळलं नाही. दादा बाहेर बाकावर होता, हात गळ्यात. त्याने ऐकलं. आत आला आणि माझ्या चपला सरळ करून खाटेखाली ठेवल्या.

३० सप्टेंबर

काटेवाल्यांना त्या दिवशी दुकानातून उचलून नेणाऱ्या इन्स्पेक्टरबाईंना गुरुवारी मेमरी कार्ड दिलं. त्या कानाला यंत्र लावून सगळा तास ऐकत बसल्या. नंतर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे असलं तर तो सुटत नाही. पण कोर्टात पहिला प्रश्न येईल, हे आलं कुठून. दुसऱ्याच्या फोनमध्ये असं काही बसवणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

दादा वाटेत म्हणाला, "त्यानेच बसवलं म्हण. खोटं कुठे आहे, त्याच्याच सांगण्यावरून झालं. तुझी बोटं गेली, अजून काय द्यायचंय?"

मी उत्तर दिलं नाही. चार दिवस झाले, अजून दिलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

आज कोर्ट.

ते चाकाच्या खुर्चीत होते. एका डोळ्यावर पट्टी, शर्टाला इस्त्री. ती पहिल्या बाकावर, बहिणीशेजारी. जबडा थोडा तिरका जुळलाय. साक्ष आधीच झाली होती तिची.

सरकारी वकिलांनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. काटेवाल्यांचा वकील उठला. म्हणाला, हे बनावट आहे, कॉम्प्युटरवर आजकाल कोणाचाही आवाज करता येतो, ह्याच्यामागे कोण आहे ते कळल्याशिवाय हे ऐकता येणार नाही. मग माझ्याकडे वळला.

"फोनमध्ये हे कोणी बसवलं?"

दादा माझ्याकडे बघत होता. इन्स्पेक्टरबाई जमिनीकडे.

"मी बसवलं," मी म्हटलं. "सोळा जुलैला, माझ्या टेबलावर. साहेबांनी सांगितलं म्हणून, पण हात माझा होता. तिला विचारलं नाही. ती स्वतः विचारायला आली तेव्हा खोटं सांगितलं. आणि मारहाण चालू असताना फोन करून ती पळून जाणार आहे असं साहेबांना कळवलं, तेही त्यात आहे. ऐका. बनावट असतं तर मी स्वतःला त्यात घातलं नसतं."

खूप मोठ्याने बोलले असणार, कारण मागे बसलेला शिपाई दचकला.

"आणि आरोपी खाली पडल्यावरही तुम्ही त्याला मारत राहिलात?"

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. दादाने ओढलं नसतं तर थांबले नसते."

रेकॉर्डिंग लावलं. पूर्ण. एक मिनिट बावीस सेकंदांच्या पुढचं मी आज पहिल्यांदा ऐकलं. पुढे काय आहे ते इथे लिहिणार नाही. जज्जसाहेबांनी मध्येच चष्मा काढून ठेवला. त्यांच्या वकिलाने कागद लावल्यासारखं केलं. काटेवाले मान किंचित कलती करून ऐकत होते, डोळा मिटून, शिवणयंत्र ऐकायचे तसे. आणि ती ताठ बसून होती. एकदाही मान खाली घातली नाही. सगळ्या खोलीत तिला एकटीलाच ते आधीपासून माहीत होतं.

२६ फेब्रुवारी

निकाल. त्यांना अकरा वर्षं. मला दुरुस्तीच्या धंद्याची कायमची बंदी, आणि दोन वर्षं दर महिन्याला ठाण्यावर हजेरी. इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, स्वस्तात सुटलात. मला पटलं.

नाहीतरी ह्या हाताने स्क्रू धरता येत नाही.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात ती नळावर पाणी पीत होती, तोंड थोडं वाकडं करून, अजून नीट उघडत नाही. बहीण गाडी बघायला गेली होती. दादाने मला हलकेच पुढे ढकललं. किती दिवस वाक्यं जुळवत होते. जवळ गेले आणि एकही सापडेना. "मी," एवढंच म्हटलं.

तिने ओठ पुसले. माझ्या हाताकडे बघितलं, जिथे दोन बोटं नाहीत तिथे, मग माझ्या तोंडाकडे. रागाने नाही, मायेनेही नाही. तिच्या आवाजात आता थोडा फुटका सूर आहे.

"आज नको," ती म्हणाली.

आणि बहिणीने हाक मारली तशी निघून गेली, सरळ चालत, कुठेही न झुकता.

दादा म्हणाला, "जाऊ दे, वेळ लागेल." मी म्हटलं, "नको म्हणाली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं."

घरी येऊन दिवा लावला, चहा टाकला आणि वही घेऊन बसले. नको नाही म्हणाली. आज नको म्हणाली.